टरफलं इथे, मग कांदे कुठे?

कांद्याची टरफलं हलकी असतात, हे वाक्य मी या जन्मात पुन्हा उच्चारणार नाही. वजनाला ती हलकी असतात, त्याबद्दल वाद नाही. पण हलकी वस्तू जागा किती खाते, हे सारी हयात एका मोठ्या कचेरीच्या भांडारात काढलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं. मेव्हण्याचा टेंपो दारात उभा राहिला आणि पहिलं पोतं उतरलं, तेव्हा बायको म्हणाली, "बरं, कोपऱ्यात मावेल." अकरावं उतरलं तेव्हा ती काहीच म्हणाली नाही. संसार केलेल्या वाचकांना यातलं जास्त घाबरवणारं कोणतं, ते सांगायला नको.

पोती गेली मागच्या खोलीत. आता या खोलीबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि मागची खोली रिकामी झाली. आमच्या घरात रिकामं झालेलं हे पहिलंच काही. त्याच सुमाराला मी निवृत्त झालो. निवृत्त माणसाची मुख्य अडचण अशी, की तो जिथे बसतो नेमका तिथलाच केर काढायचा राहिलेला असतो. बाहेरच्या खोलीत बसलो तर "पाय वर घ्या", स्वयंपाकघरात गेलो तर "मधे मधे करू नका", गॅलरीत खुर्ची टाकली तर तिथे कपडे वाळत घालायचे असतात. ज्याच्या सहीशिवाय कचेरीत कोणाला टाचणी मिळत नसे, त्या माणसावर ही पाळी. तेव्हा मागच्या खोलीवर माझा डोळा होता, यात गैर काही नाही. पण मी तोंड उघडायच्या आत एके दिवशी जेवताना बायकोच म्हणाली, "ती मागची खोली मला हवी आहे."

"कशाला?"

"हवी आहे."

"अगं, पण कारण काय?"

"कारण कशाला लागतं?"

इथे माझा नाइलाज झाला. भांडारात कारण लिहून दिल्याशिवाय मी कोणाला फडकं दिलं नव्हतं. मी तिला मदत करायची म्हणून एकेक कारण सुचवून पाहिलं. शिवणकाम करायचंय का? नाही. शिकवणी घ्यायचीय? नाही. पाहुण्यांची सोय? "पाहुणे? नकोच." मग तिथे नेमकं करणार काय? "ते माझं मी बघीन," ती म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. कारण नाही म्हणजे मागणी नामंजूर, असा आमच्याकडे सरळ नियम होता. माझ्याकडे मात्र कारण होतं. म्हणजे त्या वेळी नव्हतं, पण त्याच संध्याकाळी मेव्हणा आला आणि तेही मिळालं.

हा मेव्हणा कांदे वाळवायच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहे. तिथे कांदा सोलतात, चिरतात, वाळवतात आणि त्याची पूड करून डब्यात भरतात. उरतात ती टरफलं. "भाऊजी, डोंगर झालाय डोंगर," तो सांगू लागला. "जाळावीत तर धूर. पुरावीत तर जागा नाही. जनावरं तोंड लावत नाहीत. आणि खरं सांगू? त्यात सोनं आहे. उकळलं की रंग निघतो. कापडाला असा पिवळाधमक रंग चढतो की बघत राहावं. पण करणार कोण? त्याला पाहिजे व्यवस्थित माणूस, शिस्तीचा, वेळ असलेला."

शेवटचे तिन्ही शब्द ऐकताना मला कोणीतरी नेमणुकीचं पत्र वाचून दाखवतंय असं वाटलं.

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठीक आहे. महिनाअखेरपर्यंत खोली तुमची. तोवर त्या टरफलांचं काहीतरी उपयोगाचं करून दाखवा. नाहीतर खोली माझी, आणि मग मला कारण विचारायचं नाही."

"उपयोगाचं म्हणजे कसं ठरवायचं?"

"घराबाहेरच्या कोणीतरी आपणहून चांगलं म्हणायला हवं. तुम्ही सोडून. आणि हा सोडून," ती भावाकडे बघत म्हणाली.

कारखान्यातून कचरा बाहेर आणणं सोपं असेल, अशी तुमची समजूत असेल तर ती काढून टाका. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आमचा टेंपो अडवला. "यात काय आहे?"

"कचरा आहे," मी म्हणालो.

"कचरा कचऱ्याच्या गाडीतून जातो. टेंपोतून जातो तो माल. मालाचं बिल दाखवा."

"अहो, हे फुकट दिलंय."

"मग फुकटचं बिल दाखवा."

बिलाच्या खिडकीवरची बाई म्हणाली की संगणक शून्य घेत नाही. काहीतरी किंमत टाकावी लागेल, आणि किंमत टाकली की विक्री होईल, आणि कचऱ्याची विक्री करायला तीन सह्या लागतात. त्यातले एक साहेब रजेवर होते, दुसरे त्या साहेबांच्या जागेवर काम बघत होते आणि तिसरे कोण हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शेवटी मेव्हण्याने वाट काढली. पोत्यांवर 'नमुना' असं लिहायचं. नमुना एका सहीने बाहेर जातो. नमुना केवढा असावा, हे नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला खरं तर दोन पोती पुरली असती. पण मेव्हणा म्हणाला, "सही एकदाच मिळते, भाऊजी. घ्यायचं ते आत्ताच घ्या." असा अकरा पोती नमुना घेऊन आम्ही घरी आलो.

पहिल्याच दिवशी मी खोलीत एक पोतं सोडलं आणि उकडत होतं म्हणून पंखा लावला. पुढचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की त्यानंतर आठवडाभर आमच्या घरात चहाच्या डब्यापासून चष्म्याच्या डबीपर्यंत जे काही उघडावं त्यात कांद्याचं टरफल निघायचं.

शेजाऱ्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही, कारण वास जिन्यातून खालपर्यंत गेला होता. आमच्यावरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. जगातली एकही गोष्ट अशी नाही जिचा त्यांना अनुभव नाही, म्हणून सगळी इमारत त्यांना अनुभवी म्हणते. ते आले, एक टरफल उजेडात धरलं आणि म्हणाले, "अहो, रंग कसला करताय? यांचं खत करा. माझा अनुभव आहे." दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, "खत नका करू, उंदीर येतात. माझा अनुभव आहे." तळमजल्यावर औषधांचं दुकान चालवणारे नवराबायको राहतात. त्यांच्या मते हे केसांना लावायचं होतं. समोरच्या दारातल्या शिकवणीवाल्या बाईंनी मला रंग कसा तयार होतो यावर प्रश्न विचारले आणि माझी उत्तरं अर्धवट आहेत असं सांगितलं. आणि इमारतीचे चेअरमन, ज्यांनी जिन्यात धूम्रपान करू नये, थुंकू नये, मोठ्याने बोलू नये अशा पाट्या स्वतःच्या हाताने लावल्या आहेत, त्यांनी मला विचारलं, "याला परवानगी घेतलीत?"

"कोणाची?"

"तेच विचारतोय, कोणाची घेतलीत?"

पण मी डगमगलो नाही. मोठ्या पातेल्यात टरफलं उकळली. पाणी गाळून घेतलं. तुरटीच्या पाण्यात भिजवलेला माझा एक जुना बनियन त्यात सोडला. थोड्या वेळाने बाहेर काढला आणि, काय सांगू, मी अक्षरशः हरखलो. असा उबदार, झळझळीत रंग! कचरा म्हणून फेकलेल्या वस्तूतून तो आला होता आणि माझ्या हातून आला होता. निवृत्तीनंतर मला इतका आनंद झाल्याचं आठवत नाही. मी तो बनियन घालून जिन्यात उभा राहिलो. सहज उभा राहिलो असं दाखवत, बराच वेळ.

औषधवाल्या वहिनी वर येत होत्या. थांबल्या. "अय्या, रंग छान आहे हो," म्हणाल्या.

मी धावत आत गेलो. "ऐकलंस? आपणहून म्हणाल्या!"

"बनियनला म्हणाल्या," बायको म्हणाली. "एका बनियनसाठी अकरा पोती? अजून महिना संपायचाय."

तेव्हा मी जाहीर केलं, की ज्यांना जुनं कापड रंगवून हवं असेल त्यांनी आणून द्यावं, फुकट. फुकट या शब्दाने इमारत हलली. आता गंमत बघा. जिचं वाटोळं झालं तरी चालेल, अशीच वस्तू माणूस शेजाऱ्याच्या प्रयोगाला देतो. कोणी चांगला सदरा दिला नाही, पडदा दिला नाही. सगळ्यांनी दिल्या त्या जुन्या, पांढऱ्याच्या करड्या झालेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे. नाही म्हणत म्हणत अनुभवींनीही दिली. चेअरमनांच्या घरून परवानगीचा विषय न काढता तीन चादरींचं गाठोडं आलं.

इथे माझ्यातला भांडारप्रमुख जागा झाला. कोणाची चादर कोणती हे कळायलाच हवं. मी प्रत्येक चादरीच्या उजव्या कोपऱ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी टाचणीने लावली. एक चूक नाही, एक गल्लत नाही. बायको दारात उभी राहून बघत होती. "कागद उकळणार आहात का?" तिने विचारलं. मी म्हणालो, "तुला यातलं कळत नाही."

कागद उकळले. त्यांचा लगदा झाला आणि तो लगदा रंगात विरघळला. टाचण्या मात्र राहिल्या, आणि लोखंडाचा या रंगाशी संबंध आला की रंग काळपट हिरवा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे झालं असं, की गच्चीवर साठ-एक चादरी आणि अभ्रे वाळत पडले, सगळे एकाच झळझळीत रंगाचे, आणि प्रत्येकाच्या उजव्या कोपऱ्यात एकसारखा काळपट ठिपका.

रंगाला कोणी नाव ठेवलं नाही, हे मी आवर्जून सांगतो. तो प्रश्नच कोणाच्या मनात आला नाही. सगळी इमारत गच्चीवर गोळा झाली आणि आपापली चादर शोधू लागली. माणसाचा स्वभाव असा, की सगळ्या वस्तू सारख्या दिसू लागल्या की त्यातली जाड ती आपली, असं प्रत्येकाला मनापासून वाटतं. एका जाडजूड चादरीला औषधवाल्यांनी एकीकडून आणि अनुभवींनी दुसरीकडून धरलं. "माझी आहे, माझा अनुभव आहे," असं अनुभवी म्हणाले आणि औषधवाले म्हणाले, "तुमच्या अनुभवाला हिसका देऊ का?"

"याला जबाबदार कोण?" चेअरमन गरजले आणि सगळे माझ्याकडे वळले. इतकी वर्षं मी हजारो वस्तूंचा हिशेब ठेवला, एक खुर्ची कमी पडली नाही, आणि आज चादरींवरून मला कोणी धोब्याच्याही पंगतीला बसवेना. मी मान खाली घालून उभा राहिलो. बायको माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

त्याच वेळी जिन्यातून एक अनोळखी गृहस्थ वर आले. हातात मोजपट्टी, काखेत फायली. ते घरपट्टीच्या कचेरीतले निरीक्षक होते. शेजारच्या इमारतीची मोजणी करायला आले असताना त्यांना तिथल्या गच्चीवरून आमची गच्ची दिसली होती.

त्यांनी रांगेने वाळणाऱ्या चादरींवरून नजर फिरवली. एकेकीचा कोपरा उचलून ठिपका बघितला. मग शांतपणे विचारलं, "खाटा किती आहेत?"

"कसल्या खाटा?" चेअरमन म्हणाले.

"लॉजच्या."

"लॉज कुठे आहे?"

"तेच मी विचारतोय. एका रंगाच्या साठ चादरी, सगळ्यांवर एकच खूण. घरगुती चादरींना खूण असते का? इमारत कागदोपत्री राहण्याची आणि आत लॉज. पट्टी धंद्याच्या दराने लागेल. सगळ्या बिऱ्हाडांना. मागच्या वर्षांसकट."

मग सगळे एकदम बोलू लागले आणि त्या गोंधळातून साहेबांच्या कानावर एवढंच पडलं, की चादरी माझ्याकडे रंगवल्या गेल्या आणि सामान आमच्या मागच्या खोलीत आहे. ते म्हणाले, "दाखवा." सगळी वरात खाली आमच्या घरात आली.

मागच्या खोलीचं दार मी उघडलं. साहेबांनी पोती बघितली, एकात हात घातला, वास घेतला. "हे काय?"

"कांद्याची टरफलं."

"एवढी?"

"हो. म्हणजे नमुना आहे."

"म्हणजे जेवणाचीही सोय आहे," ते म्हणाले आणि लिहू लागले. "रोज जेवायला किती माणसं असतात?"

"दोघं. मी आणि ही."

"दोन माणसांना एवढी पोती कांदे?"

"कांदे आम्ही खाल्लेले नाहीत. फक्त टरफलं आणलीत."

"टरफलं इथे, मग कांदे कुठे?"

"कारखान्यात."

साहेबांनी लिहिणं थांबवलं. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे कांदे तिकडे ठेवून टरफलं घरी आणलीत? पैसे देऊन?"

"फुकट."

"मी या नोकरीत पुष्कळ थापा ऐकल्या," ते म्हणाले, "पण माणूस निदान पटेल अशी तरी मारतो."

मी खरं बोलत होतो, आणि जन्मात इतका खोटा कधी वाटलो नव्हतो. साहेबांनी निकाल सांगितला. ज्या खोलीत धंद्याचं सामान आहे तिला आत्ताच सील. बाकी इमारतीला नोटीस. चादरी घरगुती आहेत असं म्हणणं असेल, तर ज्याची त्याने आपली ओळखून दाखवावी, ठिपका आणि रंग सोडून दुसऱ्या खुणेने.

आत्तापर्यंत ती खोली माझी किंवा तिची होती. आता ती दोघांचीही राहणार नव्हती. मी बायकोकडे बघितलं. ती पोत्यांकडे बघत नव्हती, मधल्या थोड्या मोकळ्या जमिनीकडे बघत होती. तिला ती खोली किती हवी आहे ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि त्या पोत्यांसकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

वर गच्चीत ओळखपरेड सुरू झाली. दुसऱ्या खुणेने ओळखायचं, म्हणजे काय काय बाहेर येणार आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. शिकवणीवाल्या बाई पुढे आल्या. "ही माझी. इथे लाल शाई सांडली आहे."

"चादरीवर शाई कशी?"

"मी पेपर आडवं पडून तपासते," बाई हळूच म्हणाल्या. "म्हणजे कधी कधी न वाचता."

अनुभवींनी कितीतरी वेळ घेतला. शेवटी एका चादरीचं कुरतडलेलं टोक उचलून म्हणाले, "ही."

"उंदरांनी खाल्ली का?"

"नाही. मला झोपेत टोक चघळायची सवय आहे. लहानपणापासून." याबद्दलचा अनुभव त्यांनी आम्हाला कधी सांगितला नव्हता.

चेअरमनांनी दोन चादरी ओळखल्या. दोन्हींना बारीक गोल भोकं होती, कडा जळालेल्या. त्यांच्या बायकोने भोकातून बोट घालून बघितलं, मग चेअरमनांकडे बघितलं. जिन्यातल्या धूम्रपानाच्या पाटीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, इतकी माणुसकी आमच्यात आहे.

अशा एकेक चादरी आपापल्या लाजेसकट घरी गेल्या आणि दोरीवर एकच उरली. साहेबांनी तिचा मधला भाग ताणून धरला. त्यावर काळ्या अक्षरांत ठसठशीत उमटलं होतं: 'नगरपालिका विश्रामगृह. बाहेर नेऊ नये.' शिक्का जुना होता, धुऊन धुऊन कधीचा दिसेनासा झालेला. पण शाईत लोखंडाचा अंश असणार. टरफलांच्या रंगाने त्याला पुन्हा जिवंत केलं होतं.

"ही कोणाची?"

कोणी हलेना. माझी म्हणावं तर चोर, कोणाचीच नाही म्हणावं तर लॉज. मला मात्र माहीत होतं. चेअरमनांच्या घरून गाठोडं आलं तेव्हा त्यात तीन चादरी होत्या, आणि त्यांनी ओळखल्या होत्या दोन. मी त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाने मला आयुष्यभर परवानग्या विचारल्या, तो माझ्याकडे असा बघत होता, जणू आता माझ्याकडूनच काहीतरी मंजूर व्हायचं होतं. नाव घेणं अगदी सोपं होतं. पण मला ते जमलं नाही. मूळ उपद्व्याप माझा होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "आमची आहे."

"आमची नाही," बायको त्याच क्षणी म्हणाली. "माझ्या घरात असली चादर आली असती, तर मी तिच्यासकट यांना बाहेर काढलं असतं. यांना खोटं बोलता येत नाही हो साहेब. खरं बोलले तरी कोणाला पटत नाही, ते तुम्ही बघितलंच."

साहेबांचं तिच्या बोलण्याकडे फारसं लक्ष नव्हतं. ते शिक्का बघत होते. त्यांनी चादर दोरीवरून काढली, दोन टोकं धरून झटकली आणि शिक्का बरोबर आतल्या बाजूला जाईल अशी तिची घडी घातली. एका झटक्यात, हात न अडखळता. अशा घडीला सराव लागतो. मग मला बाजूला घेऊन त्यांनी आवाज खाली आणला.

"हा रंग दिला की शिक्का असा वर येतो?"

"याच शाईचा असेल तर येतो."

"प्रत्येक चादरीवरचा?"

"प्रत्येक."

"घरी सांगायला पाहिजे," ते स्वतःशीच म्हणाले. "ती परवापासून मागे लागलीय, तिकडे कोणीतरी फुकट रंगवून देतंय, आपल्याही चादरी देऊ या म्हणून."

मग ते मोठ्याने बोलले. चादरी घरगुती ठरल्या. इमारत राहण्याची ठरली. ही शेवटची चादर बेवारस असून कचेरीत जमा होईल. चेअरमनांनी इतका मोठा उसासा टाकला की त्यांच्या हातातल्या चादरींची भोकं फडफडली. "पण ती मागची खोली," साहेब माझ्याकडे वळले, "ती मी तशी सोडू शकत नाही. आजच्या आज पोती बाहेर. आणि खोलीचा घरगुती वापर काय, तो मला आत्ता लिहून न्यावा लागेल. नाहीतर सील."

महिना अजून संपला नव्हता, पण माझा प्रकल्प संपला होता.

"मी वापरणार आहे," बायको म्हणाली.

"कशासाठी?"

"दार लावून बसायला."

"आणि?"

"आणि काही नाही."

"बाई, वापर लिहायचाय. शिवण, पूजा, अभ्यास, काहीतरी."

"काहीच नाही," ती म्हणाली. "आत बसायचं. कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. कोणाला काय हवं, ते विचारायचं नाही. लग्न झाल्यापासून या घरात मी दार लावते ते फक्त आंघोळीला, आणि तिथेही बाहेरून कोणीतरी विचारतं की मीठ कुठे ठेवलंय."

मीठ विचारणारा मीच. सगळी इमारत माझ्याकडे बघत होती. आणि मला त्या क्षणी कळलं, की मला ती खोली अगदी याच कामासाठी हवी होती. मला फक्त तसं म्हणायची लाज वाटली, म्हणून अकरा पोती आणावी लागली.

साहेबांनी लेखणी हवेत धरली. "विश्रांती लिहिलं तर वरचे पुन्हा लॉज म्हणतील," ते पुटपुटले. शेवटी त्यांनी 'मालकिणीचा स्वतःचा वापर' असं लिहिलं आणि माझ्याकडे सहीसाठी कागद पुढे केला. मी सही केली. कारणाचा रकाना रिकामा होता. नोकरीत असा कागद मी कधी पुढे जाऊ दिला नव्हता.

पोती मी एकट्याने बाहेर काढली, खोली पुसून घेतली, तीही पंखा न लावता. मेव्हण्याने पोती परत न्यायचा प्रयत्न केला, पण फाटकावर सांगितलं की नमुना बाहेर जातो, आत येत नाही. तेव्हा ती सध्या आमच्या पुढच्या दारापाशी रचलेली आहेत आणि त्यातल्या एकावर मी बसतो. मऊ लागतं.

दुसऱ्या दुपारी बायको मागच्या खोलीत गेली आणि तिने दार लावलं. कडीचा आवाज आला. मी कान देऊन ऐकलं, आतून काहीच ऐकू आलं नाही. मला चहा हवा होता. मी उठून स्वतः ठेवला आणि साखर सापडेपर्यंत सगळे डबे उघडले, पण हाक मारली नाही.

तेवढ्यात दार वाजलं. शिकवणीवाल्या बाई होत्या. "वहिनी आहेत का?"

"आहेत," मी हळू आवाजात म्हणालो, "पण मिळणार नाहीत."

"का? काही काम करतायत का?"

"अजिबात नाही," मी म्हणालो आणि आवाज होणार नाही अशा बेताने दार लावून घेतलं.